‘क्रमशः’ नंतरची चार वर्षे

मासिकातल्या कथेखाली ‘क्रमशः’ हा शब्द दिसला की पुढच्या अंकापर्यंत जीव टांगणीला लागायचा, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. पुढे काय होणार यावर घरात वाद रंगायचे, कचेरीत पैजा लागायच्या. आता अशी कल्पना करा, की हा ‘क्रमशः’ महिन्याभराचा नसून तब्बल चार वर्षांचा आहे! जपानमधल्या तरुण वाचकांच्या वाट्याला तो २००७ ते २०११ या काळात आला. त्याचीच ही हकिकत.

जपानमध्ये ‘लाइट नॉव्हेल’ नावाचा एक लोकप्रिय पुस्तकप्रकार आहे. पोस्टकार्डाएवढे, खिशात मावणारे पुस्तक. संवाद भरपूर, मधूनमधून चित्रे आणि सुरुवातीला काही रंगीत पाने. गोष्ट एका पुस्तकात संपत नाही. एकामागून एक भाग येत राहतात. नागारू तानिगावा यांची ‘हारुही सुझुमिया’ ही अशीच एक मालिका. तिचा पहिला भाग २००३ साली आला. २००६ मध्ये त्यावर दूरदर्शन मालिका झाली. तिचे भाग मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवले गेले, म्हणजे तिथेही प्रेक्षकाने डोके चालवायचेच!

हारुही ही शाळेत जाणारी एक हट्टी मुलगी. तिच्या मनात येईल तसे जग बदलते. पण याचा तिला स्वतःला पत्ताच नाही. तिच्याभोवती जमलेले सवंगडी कुणी परग्रहाच्या वतीने आलेले, कुणी भविष्यकाळातून आलेले. गोष्ट सांगतो तो तिच्या वर्गातला एक साधा मुलगा. त्याला सगळे ‘क्योन’ या टोपणनावाने हाक मारतात.

एप्रिल २००७ मध्ये नववा भाग आला. त्यात क्योन आंघोळ करत असताना त्याला एक फोन येतो आणि तिथून गोष्टीला दोन फाटे फुटतात. एका फाट्यात फोन करणारी मुलगी अनोळखी, दुसऱ्यात ती त्याची जुनी मैत्रीण ससाकी. मग एक प्रकरण या फाट्याचे, एक त्या, असे करत पुस्तक संपते; दोन्ही गोष्टी अर्ध्यावरच राहतात. पुढचा भाग जूनमध्ये येणार असे जाहीर झाले होते. जून आला आणि गेला, पुस्तक काही आले नाही. ते आले २५ मे २०११ रोजी, दोन खंडांत. चौदाव्या वर्षी नववा भाग मिटून ठेवलेला मुलगा एव्हाना अठरा वर्षांचा झाला होता. तरीही दोन्ही खंड मिळून पहिल्याच छपाईत दहा लाखांवर प्रती काढाव्या लागल्या. म्हणजे वाचक पांगले नव्हते.

या चार वर्षांत ते काय करत होते? तर्क लढवत होते. दोन फाट्यांपैकी खरा कोणता? ती अनोळखी मुलगी कोण? काहींचा तर्क तर असा, की जग बदलण्याची शक्ती हारुहीची नसून खुद्द क्योनचीच आहे, आणि सांगणारा तोच असल्याने आपल्याला ते कळत नाही. वडीलधारी मंडळी याला रिकामटेकडेपणा म्हणतील. पण तर्क मांडायचा तर पुरावा पुस्तकातच शोधावा लागतो. मग जुने भाग पुन्हा वाचायचे, चित्रांतला तपशील न्याहाळायचा, कोण कोणाला काय म्हणाले ते ताडून पाहायचे. परीक्षेसाठी वाचतानाही मुले इतके बारकाईने वाचत नाहीत!

अनुवाद वाचणाऱ्याची गोष्ट मात्र थोडी निराळी. इंग्रजीत हे दोन्ही टप्पे २०१३ सालातच पाठोपाठ आले, त्यामुळे त्याची प्रतीक्षा टळली. पण काही खुणा त्याच्या हातून निसटल्या. ज्यांना पुढे हे पुस्तक वाचायचे आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल गाळावा.

त्या अनोळखी मुलीचे नाव वाताहाशी यासुमी. नावातले शेवटचे चित्राक्षर ‘पाणी’ या अर्थाचे आहे. ते ‘मिझु’ असेही वाचता येते. मग नाव होते वा-ता-हा-शि-या-सु-मि-झु. हीच आठ अक्षरे फिरवून लावा: वा-ता-शि-हा-सु-झु-मि-या. ‘वाताशी’ म्हणजे ‘मी’. पुढचे ‘हा’ हे अक्षर अशा ठिकाणी ‘वा’ असे उच्चारतात. अर्थ निघतो, ‘मी सुझुमिया आहे’! ती मुलगी म्हणजे हारुहीच्याच अंतर्मनाने धरलेले रूप. जपानी लिपी आपल्यासारखीच एकेका उच्चाराला एकेक अक्षर देणारी, म्हणून आपल्यालाही हा खेळ चटकन समजतो. पण जपानी न येणाऱ्या वाचकाला तो समजावून सांगावा लागतो, आणि समजावून सांगितलेले कोडे हे आपण सोडवलेले कोडे नव्हे. अनुवादकाची खरी अडचण इथे आहे. शब्दाचा अर्थ पलीकडे नेता येतो, शब्दात लपवलेली खूण नेणे फार कठीण.

आणि दोन फाट्यांचे काय? खरा एक आणि खोटा दुसरा, असे काही नव्हतेच. दोन्ही खरे होते आणि शेवटी ते एकत्र येतात. ज्यांचा अंदाज चुकला ते हिरमुसले असतील का? मला तसे वाटत नाही. चुकलेल्या तर्कानेही त्यांना ते पुस्तक दहादा वाचायला लावले होते.

क्योनचे खरे नाव तानिगावांनी २०२० च्या भागातही सांगितलेले नाही. ते नाव भारदस्त आहे एवढाच इशारा मिळतो. वाचकांचे तर्क चालूच आहेत.

तेव्हा घरातले मूल गोष्टीचे पुस्तक अर्ध्यावर मिटून छताकडे पाहत बसले असेल, तर त्याला लगेच हटकू नका. ‘पुढे काय होईल, तुला काय वाटते?’ एवढेच विचारा. आणि उत्तर दिलेच, तर ‘कशावरून?’ हेही विचारा.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)