मूत्रमार्ग स्टेंट, औषधस्रावी
अरुंद झालेला मूत्रमार्ग रुंदावल्यानंतर तो पुन्हा आवळला जाऊ नये म्हणून आत बसविण्यात येणाऱ्या व आपल्या पृष्ठावरून ऊतकवाढ रोखणारे औषध सावकाश सोडणाऱ्या जाळीदार नळीस औषधस्रावी मूत्रमार्ग स्टेंट म्हणतात. हे साधन अद्याप मुख्यत्वे प्राण्यांवरील प्रयोगांच्या अवस्थेत आहे.

मूत्रमार्ग पुरुषात सु. १८ ते २० सेंमी. व स्त्रीत सु. ४ सेंमी. लांब असतो. मूत्रमार्गसंकोच हा विकार प्रामुख्याने पुरुषांत आढळतो. अपघातातील इजा, परम्यासारखा संसर्ग, तसेच कॅथेटर किंवा शस्त्रक्रियेची उपकरणे आत घालताना झालेली जखम ही त्याची नेहमीची कारणे होत. जखम भरून येताना श्लेष्मकलेखालील स्पंजी ऊतकात कोलॅजेन साचून कठीण वण तयार होतो व मार्ग आवळला जातो. मूत्राची धार बारीक होते, मूत्र तुंबते आणि दुर्लक्ष झाल्यास वृक्कांनाही अपाय होतो. शलाका घालून मार्ग रुंदावणे किंवा आतून छेद देणे हे उपाय सोपे आहेत. परंतु प्रत्येक छेद ही नवी जखमच असल्याने संकोच पुष्कळदा पुन्हा उद्‌भवतो.

इतिहास : मार्गाला आतून आधार देण्याची कल्पना यातूनच पुढे आली. १९८० मध्ये फाबियान यांनी अष्ठीला ग्रंथीमुळे अडलेल्या मूत्रमार्गासाठी धातूचे सर्पिलाकार स्टेंट वापरले. लंडन येथील यूअन मिलरॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मूत्रमार्गसंकोचासाठी कायम राहणाऱ्या धातुजाळीच्या स्टेंटचा उपयोग प्रसिद्ध केला. प्रारंभीचे परिणाम आशादायक होते. तथापि जाळीच्या छिद्रांतून ऊतक आत वाढणे, वेदना, मूत्र ठिबकत राहणे आणि क्षारांचे थर साचणे हे दोष पुढे दिसून आले. ऊतकात रुतलेली जाळी काढणे अवघड असते व त्यासाठी कधीकधी मूत्रमार्गाची पुनर्रचनाच करावी लागते. म्हणून संकोचावर कायमचे स्टेंट बसविण्याची शिफारस आता केली जात नाही.

कार्यपद्धती : औषध सोडणारे स्टेंट प्रथम हृद्‌रोहिण्यांसाठी विकसित झाले, सिरोलिमसयुक्त स्टेंटला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. सिरोलिमस कोशिकांची (शरीराच्या सूक्ष्म घटकांची) विभाजनापूर्वीची तयारी थांबवते, तर पॅक्लिटॅक्सेल कोशिकांतील सूक्ष्मनलिका गोठवून विभाजन अडविते. औषध बहुवारिकाच्या आवरणात मिसळलेले असल्याने ते हळूहळू बाहेर पडते.

दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००५ मध्ये पॅक्लिटॅक्सेलयुक्त आवरणाचे स्टेंट कुत्र्यांच्या मूत्रमार्गात बसविले. औषधविरहित स्टेंटच्या तुलनेत त्यांच्याभोवती ऊतकवाढ कमी आढळली. मात्र असे प्रयोग बहुधा निरोगी मूत्रमार्गात केले जातात. त्यामुळे स्टेंटने स्वतःच चेतविलेली वाढ औषधाने कमी होते एवढेच त्यांतून दिसते. मनुष्यातील जुन्या, कठीण वणावर हा उपाय टिकेल, असे त्यांवरून म्हणता येत नाही.

अडचणी : रोहिणी आणि मूत्रमार्ग यांत महत्त्वाचा फरक आहे. रोहिणीतील स्टेंट कालांतराने पातळ अंतःस्तराखाली झाकला जातो. मूत्रमार्गात मात्र क्षार व जंतू यांचा संपर्क सतत राहतो. मूत्राबरोबर औषध वाहून जाऊ शकते आणि हालचालींमुळे स्टेंट सरकतो. शिवाय कोशिकांची वाढ फार दडपल्यास जखमेवर श्लेष्मकला धरण्यास विलंब लागतो. यास्तव काही काळाने काढता येणारे किंवा शरीरात विरघळणारे औषधस्रावी स्टेंट तयार करण्याकडे संशोधनाचा कल आहे.

याच तत्त्वावरील, पण मागे काहीही न ठेवणारा पर्याय मात्र रुग्णांपर्यंत आधी पोहोचला. पॅक्लिटॅक्सेलचा लेप असलेला फुगा अरुंद भागात फुगवून औषध ऊतकात उतरविले जाते. पुरुषांतील ३ सेंमी.पर्यंतच्या अग्र मूत्रमार्गाच्या संकोचासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास २०२१ मध्ये मान्यता दिली. हे औषध काही काळ वीर्यात उतरत असल्याने संततिप्रतिबंधाची दक्षता घ्यावी लागते. लांब अथवा वारंवार उद्‌भवणाऱ्या संकोचावर गालाच्या आतील श्लेष्मकलेचे कलम लावून केलेली पुनर्रचना हाच अधिक टिकाऊ उपाय मानला जातो.