जनित्र, राखीव डीझेल

मुख्य वीजपुरवठा खंडित होताच रुग्णालये, दूरध्वनी केंद्रे, अणुवीज केंद्रे इत्यादींना वीज पुरविणारा संच. डीझेल एंजिन व त्याला जोडलेले प्रत्यावर्तित्र हे याचे मुख्य भाग होत. भारतातील ५० हर्ट्झ कंप्रतेसाठी चार ध्रुवांचे प्रत्यावर्तित्र मिनिटास १,५०० फेरे या गतीने फिरवितात.

हा संच बहुतेक काळ बंद असतो. म्हणून तो हमखास सुरू होणे सर्वांत महत्त्वाचे असते. रुग्णालयातील अत्यावश्यक मंडलांना सु. १० सेकंदांत वीज मिळावी लागते. त्यासाठी आरंभक विद्युत् घटमाला सतत भारित ठेवतात व एंजिनातील शीतन जल तापकाने कोमट राखतात. साठविलेल्या इंधनात पाणी साचल्यास सूक्ष्मजंतू वाढून गाळण्या तुंबतात; यास्तव टाकीच्या तळाचे पाणी वेळोवेळी काढतात. अल्प भारावर अर्धवट जळालेले इंधन निष्कासमार्गात साचत असल्याने दरमहा निदान ३०% भारावर अर्धा तास चाचणी घेतात.

संचाची जागाही निर्णायक ठरते. जपानमधील फुकुशिमा दाइइची केंद्रात ११ मार्च २०११ रोजी भूकंपानंतर जनित्रे सुरू झाली. परंतु त्सुनामीच्या पाण्याने जनित्रे, त्यांचे शीतन पंप वा विद्युत् फलक बुडून १३ पैकी १२ जनित्रे निरुपयोगी झाली. उंचावरील, हवेने थंड होणाऱ्या एकाच जनित्रामुळे पाचवी व सहावी अणुभट्टी वाचली.