नकारात्मक विचार आणि ख्रिस्ती श्रद्धा: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंधेरी-मरोळची जुनी गावठाणे, बोरिवलीची आय. सी. कॉलनी, मुलुंड आणि घाटकोपर येथील धर्मग्रामे, म्हणजे एकेका चर्चभोवती बांधलेले भाविकांचे समुदाय, यांत ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगळुरी, वसईकर, केरळीय अशा अनेक परंपरांचे ख्रिस्ती लोक राहतात. त्यांच्या भाषा आणि रीती वेगळ्या असल्या, तरी मनाच्या दुखण्याविषयीचे काही समज पुष्कळदा सारखेच असतात. त्यांतील सर्वांत खोल रुजलेला समज असा की, ज्याची श्रद्धा पक्की त्याच्या मनात निराशा शिरतच नाही, आणि शिरली तर श्रद्धेतच काही उणे आहे. हा समज नुसता चुकीचा नाही, घातक आहे; कारण आधीच खचलेल्या माणसावर तो अपराधीपणाचे आणखी एक ओझे लादतो.

बायबलमध्ये या समजाला आधार सापडत नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, आणि ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एखादी ओळ जोडावी असे त्याच्या कर्त्याला वाटलेले नाही. काळजी करू नये असे फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिणारा प्रेषित पौल त्याच पत्रात आपल्या आजारी पडलेल्या सहकाऱ्याविषयी लिहिताना स्वतःची चिंताही बोलून दाखवतो. म्हणजे त्याचे ते वचन चिंता वाटणे हा गुन्हा ठरवत नाही. चिंता वाटल्यावर ती कोणापुढे न्यावी, हे ते सांगते. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायातील एलीया संदेष्ट्याची कथा याहून बोलकी आहे. एका झुडपाखाली बसून तो मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही की दोषही देत नाही. एलीया झोपतो, उठून भाकर खातो, पाणी पितो, पुन्हा झोपतो, पुन्हा खातो, आणि मगच पुढच्या वाटेला लागतो. पुढे त्याला अलीशा हा सोबतीही मिळतो. झोप, अन्न, चालणे आणि सोबत यांचा हा क्रम आजच्या कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाला ओळखीचा वाटेल.

दुसरा गैरसमज असा की वाईट विचार आला की तो जोर लावून हाकलावा आणि तोंडाने केवळ शुभच बोलावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले गेले. त्यांना तो टाळता आला नाहीच, शिवाय नंतर मुभा मिळाल्यावर, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा तो विचार त्यांच्या मनात अधिक वेळा आला. ख्रिस्ती परंपरेतील जाणत्या साधकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस हा तपस्वी सांगत असे की, कोणता विचार केव्हा येतो, कशाच्या पाठोपाठ येतो आणि केव्हा ओसरतो, याचे साधकाने निरीक्षण करावे.

या निरीक्षणाला रोजच्या सवयीचे रूप दिले ते येशूसंघाचे, म्हणजेच जेझुइट संघाचे, संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी, आणि तेही स्वतःच्या यातनांतून. १५२२ मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे असताना जुनी पापे पुरती सांगितली गेली नाहीत या शंकेने ते पुनःपुन्हा पापनिवेदन करीत. त्या छळाने त्यांच्या मनात जीव देण्याचे विचारही आले, आणि एकदा त्यांनी आठवडाभर अन्न वर्ज्य केले, तेव्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने त्यांना जेवण्याची आज्ञा केली. शेवटी हे विचार कोठून सुरू होतात आणि कोठे नेऊन सोडतात हे निरखून त्यांनी मागची पापे पुन्हा न सांगण्याचे ठरवले. पापनिवेदन जितक्या वेळा करावे तितके मन हलके होते, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य लक्षात घ्यावा. इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांची मान्यता १५४८ मध्ये मिळाली. मन कोरडे आणि अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्यातील नियम निराशेच्या भरात नोकरी, नाती किंवा उपचार सोडू पाहणाऱ्या माणसाला आजही सावरू शकतो.

ही परंपरा उपनगरांना परकी नाही. अंधेरीचे विनयालय हे येशूसंघात नव्याने येणाऱ्यांचे साधनागृह होते. मुंबईत जन्मलेले अँथनी डिमेलो १९४७ मध्ये येशूसंघात दाखल झाले ते तेथेच, आणि १९७८ च्या ‘साधना’ या पुस्तकात त्यांनी श्वास आणि शरीराच्या संवेदनांकडे शांतपणे लक्ष देण्यापासून प्रार्थनेची सुरुवात करून दिली. त्यांच्या काही धर्मशास्त्रीय विधानांवर व्हॅटिकनने १९९८ मध्ये आक्षेप नोंदवला, हे येथे सांगणे आवश्यक आहे.

इग्नेशियस यांच्या दैनिक आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत: दिवसात मिळालेल्या भल्या गोष्टींबद्दल आभार, स्वतःकडे नीट पाहता यावे म्हणून प्रकाशाची याचना, तासातासाने दिवसाची उजळणी, क्षमायाचना आणि उद्याचा निश्चय. एखाद्या ठरावीक दोषासाठी त्यांनी आठवड्याच्या सात दिवसांच्या रेघा आखून, तो दोष घडेल तितके ठिपके त्या त्या रेघेवर मांडण्याची रीत घालून दिली. उद्देश हा की आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहता यावी. ‘मी कशालाच लायक नाही’ हा विचार वरिष्ठ बोलल्यावर येतो, की अंधेरीहून बोरिवलीच्या गर्दीत उभ्याने घरी परतल्यावर उपाशीपोटी येतो, की रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्यावर येतो, हे अशा वहीत आठवड्याभरात दिसू लागते. १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी आपोआप मनात उमटणाऱ्या नकारात्मक विचारांची नोंद ठेवून ते वास्तवाशी ताडून पाहण्याची जी उपचारपद्धती मांडली, तिचा हेतू वेगळा असला तरी वहीचे काम पुष्कळसे सारखेच आहे.

अशी वही लिहिण्याची किंवा कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, हा समज अमेरिकी शल्यचिकित्सक मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. त्यांचे निरीक्षण रुग्णांना बदललेला चेहरा अंगवळणी पडण्याविषयीचे होते. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय रुळायला सरासरी ६६ दिवस लागले, व्यक्तिपरत्वे हा काळ १८ ते २५४ दिवस असा आढळला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. ठरावीक मुदतीची अशीच अपेक्षा प्रार्थनेकडूनही ठेवू नये. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारी नोव्हेना होते व उपनगरांतून लोक तेथे जातात. नऊ बुधवारांची ती प्रार्थना आहे, दुखणे बरे होण्याची मुदत नव्हे, म्हणून नवव्या बुधवारी मन हलके झाले नाही तर श्रद्धा फसली असे मानण्याचे कारण नाही.

मानसोपचार घेणे म्हणजे देवावर अविश्वास, हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. कॅथलिक बायबलमधील बेनसीराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार भूत उतरवण्याच्या विधीपूर्वी तो आजार तर नाही ना याची खात्री करणे महत्त्वाचे आहे, कारण आजारावरील इलाज वैद्यकशास्त्राचा आहे; आत्महत्या केलेल्यांच्या तारणाविषयीही निराश होऊ नये असे तो सांगतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली, कामात लक्ष लागेनासे झाले, तर डॉक्टरकडे जावे. जीव देण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

अशा काळात आत्मपरीक्षणही बेताने करावे लागते, कारण खचलेले मन उजळणीच्या नावाखाली आपल्याच चुका घोळत बसते. साधना ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे बेतावी, असे इग्नेशियस यांनीच लिहून ठेवले आहे. त्यानुसार साधनेचा मार्गदर्शक अशा व्यक्तीला काही काळ फक्त पहिला टप्पा, म्हणजे दिवसातील एखाद्या भल्या गोष्टीबद्दल आभार मानणे, एवढाच करून वेळेवर झोपण्यास सांगू शकतो.