स्वयंपाकघरांतील ओढता नळ : त्याची नळी व तिची दुरुस्ती

घरांतील ज्या वस्तूकडे रोज हात जातो, तिच्याकडेच लक्ष सर्वांत कमी जातें. नळ ही अशीच एक वस्तु आहे. चावी फिरविली कीं पाणी यावें आणि बंद केली कीं थांबावें, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा; ती पुरी होते तोंपर्यंत ओट्याखालच्या काळोखांत काय चाललें आहे याची चौकशी कोणी करीत नाहीं. मग एके दिवशीं कपाटांतील डाळीच्या डब्याचें बूड ओलें लागतें, फळ्या फुगलेल्या दिसतात, आणि सबंध नळच बदलावा लागणार अशी चर्चा घरांत सुरू होते. वास्तविक पुष्कळदां बदलावयाचें असतें तें करंगळीच्या नखाएवढें रबराचें एक कडें!

हल्लीं शहरांतील व कारखान्यांच्या वसाहतींतील अनेक स्वयंपाकघरांत ओढता नळ दिसतो. त्याचें तोंड, म्हणजे फवारा, हातांत धरून ओढला कीं मागोमाग लवचीक नळी बाहेर येते. सोडली कीं ती पुन्हां आंत जाते. यांत जादू कांहीं नाहीं. ही नळी नळाच्या पोकळ मानेंतून ओट्याखालीं उतरते, तेथें तिचा झोल पडतो, आणि तिचें दुसरें टोंक वर वळून नळाच्या बुडाशीं असलेल्या आंखूड नलिकेला जोडलेलें असतें. झोलापाशीं धातूचें एक वजन अडकविलेलें असतें. तेंच नळीला परत खालीं खेचतें. म्हणून या नळाला गळतीच्या जागा मुख्यतः तीन : फवारा व नळी यांचा सांधा, प्रत्यक्ष नळी, आणि ओट्याखालचा सांधा.

चंद्रपूर जिल्ह्यांतील गडचांदूरसारख्या गांवीं या नळाला एक विशेष शत्रु आहे, आणि तो म्हणजे ज्या दगडानें त्या गांवाचें भाग्य घडविलें तो दगडच होय. कोरपना तालुक्यांतील हें गांव सिमेंटच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहे. कारण सिमेंटला लागणारा चुनखडक त्या मुलखांत विपुल आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्या अतिप्राचीन थरांना पैनगंगा गट असें नांव देतात. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कर्बद्विप्राणिल वायु शोषून किंचित् आम्ल बनतें, आणि चुनखडकांतून झिरपतांना त्याचा अंश आपल्यांत विरघळवून घेतें. असें पाणी दिसावयास निर्मळ असतें. परंतु तें तापलें किंवा सुकलें कीं विरघळलेला चुना पुन्हां दगड होऊन बसतो. चहाच्या भांड्यांतील पांढरें कीट आणि फवाऱ्याच्या छिद्रांवरील खवले हीं एकाच घराण्यांतील भावंडें आहेत. पिण्याच्या पाण्याविषयींच्या २०१२ सालच्या भारतीय मानकांत दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठिणता ग्राह्य धरली असून, दुसरी सोय नसेल तेथें ६०० मिलिग्रॅमपर्यंत ती चालवून घेतली आहे. जेथें पाणी विहिरीचें अथवा बोअरचें आहे, तेथें नळाच्या सांध्यांत चुना बसणार हें गृहीत धरूनच चालावें.

दुरुस्तीपूर्वीं गळती नेमकी कोठें आहे तें ठरवावें. ओट्याखालील सर्व भाग फडक्यानें कोरडा करावा, तळाशीं कोरडा कागद पसरावा आणि नळ सोडावा. नळी पुरी बाहेर ओढून पुन्हां आंत सोडावी. पाणी उताराच्या वाटेनें धांवतें. म्हणून कागद जेथें भिजला तेथें दोष आहे असें समजूं नये. कोरड्या बोटानें वरून खालीं सांधे चांचपीत जावें. ज्या जागीं प्रथम ओल लागेल तीच दोषाची जागा.

नंतर सिंकखालचे गरम व थंड पाण्याचे दोन्ही अँगल कॉक बंद करावे. ते चुन्यानें जाम झाले असल्यास बळजबरी न करितां गच्चीवरील टाकीचा मुख्य कॉक बंद करणें शहाणपणाचें. त्यानंतर नळ उघडा ठेवून नळींतील पाणी व दाब निघून जाऊं द्यावा. ही पायरी गाळली तर सांधा सुटतांच पाण्याचा फवारा तोंडावर येतो. वजन काढण्यापूर्वीं नळीवर त्याची जागा चिकटपट्टीनें खुणावी, आणि खालीं एक बादली ठेवावी.

सांधा दोन प्रकारचा असतो. आट्यांचा असेल तर वरची नलिका एका पान्यानें घट्ट धरून खालचा नट दुसऱ्या पान्यानें सैल करावा. एकच पाना वापरल्यास वरची तांब्याची नलिका पिळवटते व किरकोळ काम मोठें होतें. खटक्याचा सांधा असेल तर आधीं नळी किंचित् वर दाबावी, म्हणजे खटक्यावरील ताण जातो. मग त्याची क्लिप काढून अथवा दोन्ही कान दाबून नळी सरळ खालीं ओढावी. चुन्यानें तो धरून ठेवला असेल तर पक्कडीनें हिसके देऊं नयेत. व्हिनेगरांत भिजविलेलें फडकें सांध्याभोंवतीं अर्धा तास गुंडाळावें. आम्लाची चुन्याशीं गांठ पडतांच बुडबुडे येतात व कीट सुटूं लागतें. फवारा काढतांना मात्र नळी एका हातानें धरून ठेवावी. नाहींतर ती मानेंतून खालीं घसरते.

सांधा सुटला कीं रबराचें कडें दिसतें. कारागीर त्याला ओ-रिंग म्हणतात. डेन्मार्कमध्यें जन्मलेल्या व अमेरिकेंत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन यानें १९३७ सालीं, सत्तरी उलटल्यावर, या कड्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला. तें १९३९ सालीं त्याला मिळालें. युक्ति साधी आहे. कडें खांचेंत बसतें, आणि पाण्याचा दाब त्याला भिंतीकडे रेटतो. जितका दाब अधिक तितका बंदोबस्त पक्का. परंतु कडें चपटें झालें, चिरलें, किंवा त्याच्या बैठकीवर चुन्याचा एक कण राहिला, तर ही सारी युक्ति फुकट जाते. म्हणून जुनें कडें नमुन्यासाठीं दुकानांत नेऊन तंतोतंत त्याच मापाचें नवें आणावें, खांच स्वच्छ पुसावी आणि कड्याला सिलिकोन ग्रीसचें बोट लावावें. गाडीचें वंगण लावूं नये. खनिज तेलानें नळाच्या कामांतील पुष्कळ रबरें फुगतात.

प्रत्यक्ष नळीच फाटली असेल तर तिला पट्टी बांधून उपयोग नाहीं. दाबाखालीं ती टिकत नाहीं. त्याच लांबीची व तशाच टोकांची नवी नळी घालावी. जोडणी उलट्या क्रमानें करावी : आट्या प्रथम हातानें बसवाव्या आणि पान्यानें थोडाच आवळा द्यावा. फवारा लावण्यापूर्वीं नळीचें तोंड बादलींत धरून पाणी सोडावें, म्हणजे सुटलेली खर बाहेर पडते. शेवटीं वजन खुणेवर बसवून कोरड्या कागदाची परीक्षा पुन्हां घ्यावी.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष असावें. पुष्कळ फवाऱ्यांच्या मुळाशीं एकमार्गी झडप असते. ती निरुपयोगी खवली समजून फेकून देण्याचा मोह होतो. परंतु ती घराची राखणदार आहे. फवारा खरकट्या पाण्यांत बुडालेला असतांना वरचें पाणी गेलें आणि दाब पडला, तर तें खरकटें पाणी नळींतून उलटें ओढलें जाऊं शकतें. जेथें पाणी ठराविक वेळींच येतें, तेथें हा धोका अधिक. झडप चुन्यानें उघडी राहिली असेल तर स्वच्छ करावी, झिजली असेल तर बदलावी. काढून मात्र टाकूं नये.

सेकंदाला एक थेंब पडणाऱ्या नळांतून दिवसाला ८६,४०० थेंब जातात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हें पाणी चार लिटरांहून अधिक होतें. चंद्रपूरकडील उन्हाळ्यांत, जेव्हां तळीं आटतात आणि पाणी भरण्याकरितां बायामाणसांना पहांटे उठावें लागतें, तेव्हां एवढें पाणी म्हणजे कोणा तहानलेल्याची एक भरली कळशी असते. ती वांचविण्यास लागतो तो दोन पाने, थोडें व्हिनेगर, रबराचें एक कडें आणि ओट्याखालीं वांकून पाहण्याचा अर्धा तास.