भांड्याच्या पाण्यावरचं परस

मराठवाड्यातल्या जुन्या घराची परसबाग न्हाणीच्या मोरीपासून सुरू होते. न्हाणीतून बाहेर पडणारं पाणी जिथं जिरतं तिथं अळू, कडेला कर्दळ, जरा पलीकडं केळीचा खुंट. भांडी घासायच्या जागेजवळ पुदिना, कोपऱ्यात गवती चहाचं बेट. ही मांडणी कुणी कागदावर काढलेली नसते. पाणी जसं वाहत गेलं तशी झाडं लागत गेली. अळू आणि कर्दळ सांडपाणी पचवतात, मेथी-पालकाला ते सोसत नाही, म्हणून त्यांचे वाफे चार हात लांब. नांदेड-लातूरच्या बायाबापड्यांना हे शिकवायला कुणी आलं नव्हतं.

या भागात बागेचं बोलायचं तर आधी पाण्याचं बोलावं लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’ची पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख ८० हजारांच्या वर होती. म्हणजे माणशी सव्वा लिटर. भर उन्हाळ्यात गच्चीवरच्या बारा इंची कुंडीला रोज लिटर-दीड लिटर पाणी लागतं. पहिल्या गाडीतला माणशी वाटा एका कुंडीला जेमतेम पुरला असता. पुढं ५० वाघिणींची गाडी धावू लागली, तरी घागरींच्या रांगा होत्याच.

अशा वर्षात कोणतं झाड राखायचं आणि कोणतं जाऊ द्यायचं, हे ठरवावंच लागतं. गुलाब आणि शेवंती आधी माना टाकतात. कढीपत्ता, शेवगा, कोरफड, सदाफुली, कण्हेर तग धरतात. तुळशीला तांब्याभर पाणी मात्र काही झालं तरी मिळतं.

दुसरी अडचण मातीची. इथली काळी कसदार माती शेतात सोनं पिकवते, कुंडीत मात्र तीच छळते. पाणी घातलं की चिखल, वाळली की दगड. मग भेगा पडतात आणि पाणी कडेनं थेट खाली निघून जातं. एक भाग काळी माती, एक भाग चाळलेला मुरूम किंवा वाळू आणि एक भाग कुजलेलं शेणखत, हे मिश्रण चांगलं चालतं. त्यातून चुनखडीची जमीन आणि बोअरचं जड पाणी. कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो, जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळं ते मुळांना उचलता येत नाही. अशा वेळी पावसाचं साठवलेलं पाणी आणि भरपूर शेणखत कामी येतं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी अनेकजण कौतुकानं झाडांना घालतात. जिथं मूळ पाणीच खारं, तिथं त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावं. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी बागेला केव्हाही बरं.

आच्छादनाची मात्र इथं चंगळ आहे. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ, त्यामुळं सोयाबीनचं भुसकट गावोगावी मिळतं. कुंडीवर त्याचा दोन बोटं थर दिला की ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही. जमिनीतल्या वाफ्यात भट्टीत भाजलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं, तर त्यातून पाणी पाझरत राहतं. भोवती लावलेल्या दोडक्या-कारल्याची मुळं मडक्याला अक्षरशः मिठी मारतात.

परसबाग म्हणजे हौस, ही समजूत या जिल्ह्यांत कधीच खरी नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं दगड-मातीची माळवदाची घरं कोसळली, हजारो माणसं गेली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भिंतीला भिंत लागलेल्या जुन्या गल्ल्या जाऊन घराभोवती मोकळी जागा आली. याच भूकंपग्रस्त भागातल्या बायकांबरोबर ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेचं काम सुरू झालं. त्यातूनच पुढं एक एकर शेतीचा नमुना उभा राहिला. घरच्या जमिनीतला एकर-अर्धा एकर बाईच्या हाती द्यायचा. तिनं त्यात भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी घ्यायची, आधी घरच्या ताटासाठी आणि उरलं तर बाजारासाठी. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच २०१६ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला. परसातल्या चार वाफ्यांचं शहाणपण शिवारात नेलं की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण जवळपास नाही.

बियाण्यांच्या बाबतीत हा मुलूख श्रीमंत आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘पुसा सावनी’ भेंडीचा रानटी जातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ काढली. पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगापुढं ती टिकली आणि नांदेडपासून विदर्भापर्यंत परसांत पोहोचली. लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोथिंबीर घरी लावताना बहुतेकजण अख्खे धने टाकतात आणि उगवत नाही म्हणून खट्टू होतात. धने लाटण्यानं हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि अर्धा इंच खोल पेरायच्या. थंडीत आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. उन्हाळ्यात हिरव्या जाळीखाली ओलावा राखला नाही, तर पानं धरण्याआधीच फुलोरा येतो.

या बागेचा खरा कस सणांना लागतो. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की सोळा भाज्या हव्यात. आघाडा, दुर्वा, केना हवा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवशीला, शेतात भज्जी शिजते. तिच्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी, पात, जे हिरवं हाताशी असेल ते सगळं पडतं, आणि सोबत मडक्यातलं आंबील. ज्यांचं शेत सुटलं, शहरात दोन खोल्यांत बिऱ्हाड आलं, त्यांनाही त्या दिवशी पाहुण्यांच्या शिवारात जायचं असतं. दिवाळीत गच्चीवर मेथी आणि पात लावली, तर येळवशीला रिकाम्या हातानं जावं लागत नाही.

दिवाळीनंतरचे पंधरा दिवस त्यासाठीच मोलाचे. मेथी, पालक, शेपू, चुका, करडईची भाजी तेव्हाच पेरायची. झेंडूचं बी मात्र तोरणातल्या फुलांतून काढू नये. विकतची फुलं बहुधा संकरित वाणाची असतात आणि बी पिकण्याआधीच तोडलेली असतात. घरच्या गावरान झेंडूचं एक झाड न तोडता ठेवायचं. फूल तपकिरी होऊन कुरकुरीत वाळलं की पाकळ्या चिमटीत धरून ओढायच्या. खाली काळं टोक, वर फिकट तुरा अशा बारीक सुया हातात येतात. त्या कागदात गुंडाळून, तारीख टाकून, धान्याच्या कोठीजवळ कोरड्या जागी ठेवायच्या. मृगाचा पाऊस पडला की पहिली ओळ त्यांची.