चाकं आहेत, पण चालत नाही!

पन्नासची निळी नोट उलटी करा. मागे हंपीचा दगडी रथ दिसेल, विठ्ठल मंदिराच्या अंगणातला. हो, आपलाच विठ्ठल! पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते. रथ मात्र तिथेच राहिला.

हा रथ म्हणजे मुळात गरुडाचं देऊळ. विष्णूच्या वाहनाला बसायला आणखी एक वाहन! अखंड पाषाणातला वाटतो, पण नाही. ग्रॅनाइटचे चिरे जोडून सांधे नक्षीकामात बेमालूम दडवलेत. पुढचे हत्तीही मूळचे नव्हेत. तिथे घोडे होते. हत्तींच्या मागे वाकून पाहिलं तर त्या घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून सापडतात. एवढ्या थोरल्या रथाला ते बुटके हत्ती शोभतही नाहीत, खरं सांगायचं तर. वर विटांचं शिखर होतं. अलेक्झांडर ग्रीनलॉ यांनी १८५६ मध्ये काढलेल्या फोटोत ते आहे, आज नाही. आणि चाकं? ती चक्क फिरायची! झीज होऊ नये म्हणून पुढे ती पक्की करून टाकली.

अखंड दगडच हवा, तर महाबलीपुरमला जा. सातव्या शतकातले पल्लवांचे पाच रथ जागच्या खडकातूनच कोरलेत. फक्त त्यांना चाकं नाहीत! ती सगळी जणू कोणार्कला गेली: सूर्याच्या रथाला तब्बल २४, एकेक जवळपास तीन मीटर व्यासाचं. त्यातलं एक दहाच्या नोटेवर आहे.

बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यातली ३६ मीटर लांबीची 'संगमरवरी नौका' तर निव्वळ बनवाबनवी. तळ दगडाचा, वरचा डोलारा लाकडाचा, त्यावर संगमरवरासारखा रंग. १८९३ मध्ये सम्राज्ञी त्सशीने ती पुन्हा उभारली. पैसा आरमाराच्या खात्यातला, म्हणतात. आरमाराला नौका मिळाली, तक्रार कसली?

जर्मन कलाकार वोल्फ वोस्टेलने दगड घडवायची कटकटच ठेवली नाही. १९६९ मध्ये कोलोनला त्याने खरीखुरी ओपेल मोटार काँक्रीटमध्ये गाडली. पुढच्याच वर्षी शिकागोत १९५७ ची कॅडिलॅक. ती आता शिकागो विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये एक जागा अडवून उभी आहे.