घर आणि दुकान एकाच गाडीत

गेल्या महिन्यात आमच्या वरवंडच्या घरी तीन रात्री ताटातले जेवण निवून गेले, पण प्रश्न सुटला नाही. प्रश्न साधा होता. २०१४ साली घेतलेली आमची व्हॅन आता थकली आहे. तिच्या जागी काय घ्यायचे? मुलगा म्हणतो, उंच, रुबाबदार, वरून काच उघडणारी गाडी घ्या. लग्नाला गेलो तर चार लोक वळून पाहतील. आमचे म्हणणे, व्हॅनच घ्या. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक व्हॅनच्या मागच्या दारात उभे राहून काढली. म्हणून हा हिशेब व्यापारी बांधवांपुढे ठेवावा असे वाटले. अनेक घरांत आज हीच चर्चा चालू असेल.

आधी जुनी गोष्ट सांगतो. आमचे अब्बा पुण्याहून रविवार पेठेतून माल घेत आणि एस.टी.च्या टपावर गाठोडी टाकून वरवंडला उतरत. अंतर साठेक किलोमीटरचे, पण कंडक्टरशी हुज्जत, हमालाचे पैसे, पावसात भिजलेले लठ्ठे, हे सगळे त्यात आले. बाजाराच्या दिवशी यवत, केडगाव, पाटस, सुपे इथे पाल ठोकायचे तर भाड्याचा टेम्पो लागे. टेम्पोवाला आधी कांद्याची खेप टाकणार, मग आमच्याकडे येणार. बाजार भरून गिऱ्हाईक पांगू लागले की आमची गाठोडी उतरत. आणि घरातल्या बायका? त्या घरीच. मोटारसायकलवर नवरा, बायको आणि एक मूल एवढेच मावते. अम्मीला गुडघ्यांचा त्रास, तिला मागे बसता येत नसे. कुणाकडे बारसे असो वा मयत, अम्मीचा निरोप पुरुषांच्या तोंडून जाई, ती स्वतः जात नसे.

१९९९ साली आमची भिशी लागली. त्यात थोडी भर घालून आम्ही जुनी मारुती ओम्नी घेतली, आठ आसनांची, पांढरी. विकणाऱ्याने मीटर मागे फिरवलेले होते हे सहा महिन्यांनी मिस्त्रीने सांगितले. तो तजुर्बा महागात पडला, पण गाडीने आम्हाला फसवले नाही.

आता या गाडीची मूळ गोष्ट. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि १९८४ साली त्याच ७९६ सीसी इंजिनाची मारुती व्हॅन आली. १९८८ साली तिला ओम्नी हे नाव मिळाले. लांबीत ती ८०० पेक्षा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर जास्त. तेवढ्याच जागेत एका गाडीत चार माणसे अवघडून बसत आणि दुसरीत आठ. ही जादू नव्हती. इंजिन पुढच्या आसनाखाली ढकलले, बॉनेट काढून टाकले आणि वाचलेली जागा माणसांना दिली. दुकानदाराला हे लवकर कळते. दुकानाचा गाळा तोच असतो, फळ्या कशा लावायच्या त्यावर माल ठरतो.

योगायोग पाहा. त्याच सुमारास अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आणि १९८४ साली फ्रान्समध्ये रेनॉने कुटुंबासाठी अशाच गाड्या बाजारात आणल्या. आपल्याकडच्या व्हॅनपेक्षा त्या कितीतरी मोठ्या, पण कल्पना एकच: जमीन सपाट आणि खाली, छत उंच, आत हवी तशी मांडामांड. क्रायस्लरने तर बाजूला सरकते दार दिले आणि गाडी घराच्या गॅरेजमध्ये मावली पाहिजे हे बघून माप ठरवले. पुढे तिथल्या तरुणांनाही ती आईची गाडी वाटू लागली आणि ते उंच गाड्यांकडे वळले. म्हणजे आमचा मुलगा काही जगावेगळे बोलत नाही.

अम्मी आणि सरकते दार

व्हॅनचा फायदा आम्हाला सगळ्यात आधी अम्मीने दाखवला. साध्या कारमध्ये शिरायचे तर मान आणि कंबर दोन्ही वाकवावी लागतात. जीपमध्ये चढावे लागते. व्हॅनचे दार बाजूला सरकवले की ती आधी काठावर टेकायची, मग एकेक पाय उचलून आत घ्यायची. कुणी हात धरायची गरज नाही. पहिल्या महिन्यात ती दौंडला आपल्या बहिणीकडे गेली. दोघी एका गावाच्या अंतरावर राहत, पण मधे कित्येक वर्षे भेट नव्हती.

आठ आसनांच्या त्या गाडीत मागची दोन बाके समोरासमोर होती. गुडघ्याला गुडघा लागायचा हे खरे, पण बायका तोंडाला तोंड देऊन बोलत बसत. मधे वाटाण्याची पिशवी ठेवून सोलणे चाले. वरवंडहून पुणे येईपर्यंत भाजी तयार. आमच्या भाभी आजही म्हणतात की त्यांच्या सासूशी खरी ओळख चुलीपुढे झाली नाही, ओम्नीत झाली.

आणि बाजाराच्या दिवशी तीच गाडी दुकान व्हायची. मागचे बाक काढून ओट्यावर ठेवायचे, तळाला ताडपत्री, त्यावर साड्यांची गाठोडी, बाजूला परकराचे तागे उभे, वर चादरी. मागचे दार वर उचलले की पावसाची सर येईपर्यंत तेच छप्पर. भाड्याच्या टेम्पोची वाट पाहणे संपले आणि आमचे पाल बाजारात पहिल्या रांगेत लागू लागले. ज्यांनी आठवडे बाजार केला आहे त्यांना पहिल्या रांगेची किंमत सांगायला नको.

२००६ च्या पावसाळ्यात एका रात्री अम्मीला धाप लागली. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराचा माल गाडीत भरलेला होता. दहा मिनिटांत गाठोडी ओट्यावर आली, गादी आत गेली, अम्मी आडवी झाली आणि भाभी तिच्या उशाशी बसल्या. पुण्याला पोहोचलो. त्यानंतर ती चार वर्षे होती. कारच्या मागच्या आसनावर ती पडू शकली नसती.

आता दुसरी बाजू

एवढे गुण गायल्यावर खोट लपवणे हा आमच्या धंद्यातला सर्वात मोठा गुन्हा. कापडाला भोक असेल तर ते गिऱ्हाइकाला आपणच दाखवावे.

ओम्नीत ड्रायव्हरचे पाय गाडीच्या अगदी नाकात असतात. पुढे बॉनेट नाही, म्हणजे धक्का सोसायला काही नाही. २०११ च्या हिवाळ्यात, ऊस गळिताचे दिवस, चौफुल्याच्या अलीकडे संध्याकाळी उसाची ट्रॉली रस्त्यावर उभी होती. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. भाईजान गाडी चालवत होते. वेग फार नव्हता, तरी पुढचा पत्रा आत आला आणि त्यांचा उजवा पाय अडकला. पायात सळई आहे, अजून लंगडतात. मागे बसलेल्यांना खरचटले, इतकेच. त्या दिवशी शेजारच्या आसनावर मूल असते तर काय झाले असते, याचा विचार आम्ही आजही करत नाही.

उन्हाळ्यात इंजिनाची उष्णता आसनाखालून वर येते. हमरस्त्यावर मोठी बस शेजारून सुसाट गेली की उंच, सपाट अंगाची ही गाडी हलते, हात घट्ट ठेवावा लागतो. आणि ज्यांनी पैसे वाचवण्यासाठी घरगुती गॅसची टाकी व्हॅनमध्ये बसवली, त्यांनी घरच्या माणसांना स्फोटकावर बसवून फिरवले. ते बेकायदा आहेच, पण कायद्याच्या आधी जिवाचा प्रश्न आहे. जुनी व्हॅन घेताना गॅस किट आर.सी. बुकात नोंदलेले आहे का हे आधी पाहा. मग सरकत्या दाराची खाच आणि तळाचा पत्रा हाताने चाचपा. गंज तिथेच लपतो. ओम्नी २०१९ साली बंद झाली, तेव्हा आता बाजारात येणारी प्रत्येक ओम्नी जुनीच असणार.

मधली एक गोष्ट धंद्याच्या दृष्टीने सांगण्यासारखी आहे. २००१ साली मारुतीने व्हर्सा नावाची मोठी व्हॅन आणली. दोन एसी, जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक बच्चन. गिऱ्हाईक फिरकले नाही, कारण व्हॅन घेणाऱ्याला ती महाग वाटली आणि महाग गाडी घेणाऱ्याला ती व्हॅन वाटली. मग कंपनीने तोच सांगाडा घेऊन डामडौल उतरवला, इंजिन १२०० सीसीच्या आत आणले आणि जानेवारी २०१० मध्ये ईको म्हणून विकायला काढली. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत तिचा खप दहा लाखांवर गेला. ताग्यावर जरीची पट्टी लावून दाम वाढवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे.

आमची २०१४ ची गाडी ईकोच, सात आसनांची. एअरबॅग नव्हती. २०१६ साली ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली ईको आदळून पाहिली आणि मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे दिले. ती बातमी वाचली त्या दिवसापासून आमच्या घरात तीन नियम झाले: पुढे मूल बसणार नाही, गळिताच्या दिवसांत अंधार पडल्यावर हमरस्त्याला गाडी जाणार नाही, आणि आसने तेवढीच माणसे. तिसरा नियम पाळणे सर्वात अवघड. व्हॅन पाहिली की पाहुण्यांना वाटते, अजून दोघे मावतील.

२०२५ साली ईकोला सहा एअरबॅग आल्या, आणि त्याच वर्षी सात आसनांची गाडी बंद होऊन सहा आसनांची आली. आमच्या घरात माणसे सात.

दाम आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. वरचा उपकरही गेला. ईको या मापात बसते. पण व्यापाऱ्याने एक फरक ओळखावा. माणसे बसवण्याच्या गाडीवर भरलेला जीएसटी आपल्याला परत वळता करून मिळत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या मालवाहू गाडीवर मिळतो, तोही कंपोझिशनमध्ये नसाल तर. म्हणजे ज्याचा धंदा मोठा आणि घर लहान, त्याने कार्गो व्हॅन घ्यावी आणि कर वळता करावा. ज्याचे दोन्ही एकाच गल्ल्यावर चालते, त्याला आसनांचीच गाडी परवडते, कर गेला तरी. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याने माणसे मात्र नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

सीएनजी घ्यायचा असेल तर टाकी गाठोड्यांची किती जागा खाते ते शोरूममध्ये टेप लावून पाहा. आम्ही तागाच सोबत नेला होता. सेल्समन हसला, पण ताग्याची लांबी बघून त्यानेच आसन पुढे सरकवून दिले. कोणत्या आसनांच्या गाडीत एसी आणि सीएनजी मिळतो, हेही आधी विचारा. हप्त्यावर घ्यायची की रोख, आणि व्याजाचे काय, हे ज्याचे त्याने पाहावे. आमच्या घरी भिशी अजून चालते.

तिसऱ्या रात्री मुलाने उंच गाडीचा फोटो पुन्हा सर्वांना दाखवला. सूनबाईंनी तो पाहिला आणि विचारले, "यात पाटसच्या बाजाराची गाठोडी कुठे ठेवायची? छतावरच्या काचेवर?" मुलगा गप्प झाला. भाईजान तोवर बोलले नव्हते. व्हॅनमध्ये पाय गमावता गमावता राहिलेला माणूस, त्यांचा शब्द अखेरचा, हे सगळ्यांना ठाऊक होते. आम्हाला वाटले, ते व्हॅनला नाही म्हणतील. ते म्हणाले, "एअरबॅग आहेत ना? मग व्हॅनच घ्या. तुमच्या उंच गाडीत माझा हा पाय वर चढत नाही. सरकत्या दारातून मी अम्मीसारखा बसेन."

सातव्या माणसाचा प्रश्न सूनबाईंनी काढला. नातीला मांडीवर घ्यायचे नाही, हे त्यांनी आधीच बजावले होते. त्यावर भाईजानच म्हणाले की सातही जण दुकान बंद करून एकदम निघालो असे वर्षातून दोन ईद आणि एखादे लग्न सोडले तर कधी घडते? त्या दिवशी एक जण एस.टी.ने येईल. यंदा पाळी आमची.

सहा आसनांची गाडी नोंदवली आहे, पांढरी. जुन्या सात आसनांच्या गाडीला केडगावचे गिऱ्हाईक आले आहे. दार कुठे घासते, पत्रा कुठे सडला आहे आणि एअरबॅग नाही, हे तिघांसमोर सांगून झाले. मीटर आहे तेवढेच दाखवते.